तिघांची मैफल: हेवी मेटलचा गिटारवादक आणि जॅझचे त्रिकूट

हेवी मेटल आणि जॅझ हे पाश्चात्त्य संगीतातील दोन प्रवाह सर्वसाधारण श्रोत्याला परस्परांपासून फार दूरचे वाटतात. एकात कानठळ्या बसवणारा आवाज, काटेकोर बसवलेली रचना आणि मैदानात उसळणारी गर्दी, तर दुसऱ्यात बेताचा आवाज, वाजवता वाजवता सुचत जाणारा विस्तार आणि लहान सभागृहातील जाणकार श्रोते, असे चित्र मनात उभे राहते आणि ढोबळमानाने ते खरेही आहे. अमेरिकेतील टेस्टामेंट या मेटल बँडचे प्रमुख गिटारवादक ॲलेक्स स्कोल्निक यांनी मात्र या दोन्ही प्रवाहांत बरोबरीने काम केले असून, मेटलच्या जोडीने ते गिटार, बास आणि ड्रम अशा तीनच वाद्यांच्या जॅझ संचाचे नेतृत्व करीत आले आहेत. मेटलमध्ये मुरलेल्या वादकाच्या बोटांत वेग आणि ताकद आधीपासूनच असते. तेव्हा जॅझकडे वळताना त्याला नव्याने शिकावे लागते ते काय, हा या उदाहरणातून निघणारा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गिटारच्या तंत्रापेक्षा संचातील जबाबदाऱ्यांच्या वाटणीत सापडते, आणि मुंबईतील संगीताचा इतिहास पाहिला तर ते मराठी श्रोत्याला वाटते तितके परकेही नाही.

एकाच वाद्याची दोन घराणी

ज्या विद्युत गिटारवर मेटलची सारी इमारत उभी आहे, तिला स्वतंत्र आवाज मिळवून दिला तो जॅझनेच. 1930 च्या दशकातील मोठ्या नृत्यवाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गजरात साध्या गिटारचा आवाज बुडून जात असे, त्यामुळे तिच्याकडे ठेका धरण्यापलीकडे फारसे काम नसे. 1936 मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-150 ही गिटार बाजारात आणली. तिच्यातील पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेल्या तारेचे वेटोळे, हे पोलादी तारेच्या कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर करी आणि ॲम्प्लिफायर त्या लहरी मोठ्या करून ध्वनिक्षेपकाकडे पाठवी. 1939 मध्ये बेनी गुडमन यांच्या संचात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी या साधनाचा उपयोग करून गिटारवर सॅक्सोफोनसारख्या लांब, एकेरी स्वरावली वाजवल्या आणि गिटारला एकल वादनाचा मान मिळवून दिला. 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या 25 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पण त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक विद्युत गिटारवादकावर, मग तो कोणत्याही शैलीचा असो, त्यांचे ऋण आहे.

मेटलच्या जन्मकथेतही जॅझचा एक धागा आहे आणि तो थेट कारखान्यातून जातो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरात पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या 17 वर्षांच्या तरुणाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटे 1965 मध्ये यंत्रात सापडली आणि त्यांची टोके तुटली. आयोमी डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम नेमका हाच हात करीत असे. मुंबई-आग्रा महामार्गालगत, सिडकोच्या वस्तीला खेटून असलेल्या नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील प्रेस शॉपमध्ये ज्यांनी पाळी केली आहे, त्यांना या अपघाताचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. खचलेल्या आयोमी यांना कारखान्यातील वरिष्ठाने एक ध्वनिमुद्रिका ऐकवली. ती जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची होती. 1928 मध्ये लागलेल्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी होऊनही उरलेल्या दोन बोटांच्या बळावर राइनहार्ट यांनी पॅरिसमध्ये जॅझचे स्वतंत्र घराणे उभे केले होते.

आयोमी यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, दाबायला सोप्या जाव्यात म्हणून हलक्या तारा चढवल्या आणि पुढे तारांचा ताण आणखी कमी करण्यासाठी त्या खालच्या सुरात लावल्या. त्यांच्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तिसऱ्या अल्बमपर्यंत गिटार काही गीतांत तीन अर्धस्वरांनी खाली उतरली होती. मेटलचा जो जड, खोल नाद पुढे या शैलीची ओळख ठरला, त्याच्या मागे दुखऱ्या बोटांची ही सोयही होती. या बँडचे ड्रमवादक बिल वॉर्ड हे जुन्या जॅझ ड्रमवादकांचे चाहते होते आणि त्यांच्या ठेक्यांत जॅझचा झुलता तोल स्पष्ट ऐकू येतो. याचा अर्थ असा की मेटलकडून जॅझकडे जाणारा वादक अनोळखी प्रदेशात पाऊल टाकत नसून, आपल्याच वाद्याच्या थोरल्या घराण्याकडे वळत असतो.

मेटलची बांधणी

थोरल्या घराण्याकडे वळताना मेटलच्या वादकाला कोणती सवय मोडावी लागते, हे कळण्यासाठी आधी त्याच्या नादाची घडण पाहणे आवश्यक आहे. ॲम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेबाहेर ताण दिला की विद्युत लहरींचे माथे कापले जातात, आणि या कापाकापीतून मूळ सुरात नसलेले अनेक नवे उपस्वर निर्माण होतात; या परिणामाला डिस्टॉर्शन म्हणतात. त्यामुळे आवाज भरीव, खरखरीत आणि दीर्घकाळ टिकणारा होतो. मात्र दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेइतके आणि वजाबाकीइतकेही नवे स्वर उमटतात, आणि कोणते स्वर एकत्र वाजवावेत यावर त्याने मोठे बंधन येते.

षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण 2:3 असते. 110 हर्ट्‌झचा स्वर आणि त्याचा 165 हर्ट्‌झचा पंचम एकत्र वाजवले, तर वजाबाकीचा स्वर 55 हर्ट्‌झचा, म्हणजे मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा मिळतो आणि नाद आपोआप खोल होतो. केवळ षड्ज-पंचमाच्या या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि मेटलचे बरेचसे वादन तिच्यावर चालते. पंचमाऐवजी तीव्र, म्हणजे आपल्याकडील शुद्ध, गांधार घेतला, तर गिटारच्या पडद्यांवरील तो गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने चढा असतो. त्याची कंपनसंख्या सुमारे 138.6 हर्ट्‌झ होते आणि वजाबाकीचा स्वर 27.5 ऐवजी सुमारे 28.6 हर्ट्‌झचा निघतो, जो षड्जाच्या कोणत्याही सप्तकात बसत नाही. तंबोऱ्याच्या नादात कान तयार झालेल्या श्रोत्याला हा खडखडाट चटकन जाणवतो. तीन-चार वेगवेगळ्या स्वरांची कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गट, जोरदार डिस्टॉर्शनखाली गढूळ होते त्याचे हे कारण आहे.

म्हणून मेटलमध्ये स्वरांच्या गुंतागुंतीपेक्षा रिफला महत्त्व असते. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, लयीत घट्ट बांधलेला छोटा स्वरसमूह. तो दोन गिटार, बास आणि ड्रम मिळून एकजुटीने वाजवतात. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियात बहरलेल्या थ्रॅश या उपशैलीत मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत मात्रेला चार आघात दिले जातात, म्हणजे सेकंदाला 13 हून अधिक. अशा वेगात प्रत्येकाने नेमके ठरलेलेच वाजवले तरच रचना टिकते. एकल वादनाला जागा असते, पण तेव्हाही खालचा रिफ दुसरा गिटारवादक चालूच ठेवतो, त्यामुळे डोलारा कोसळण्याची भीती एकल वादकाला नसते.

त्रिकुटाची बांधणी

जॅझच्या त्रिकुटात हा आधार नाहीसा होतो. बहुतेक जॅझ संचांत पियानोवादक कॉर्ड पुरवतो. गिटार, बास आणि ड्रम अशा त्रिकुटात मात्र धून, तिच्यावरचा विस्तार आणि त्याखालच्या कॉर्ड हे सारे काम गिटारवादकावर येऊन पडते. अमेरिकन गिटारवादक पॅट मेथिनी यांनी जॅको पास्टोरियस आणि बॉब मोझेस यांच्यासह केलेला 1976 चा 'ब्राइट साइज लाइफ' हा अल्बम या मांडणीचा एक गाजलेला नमुना मानला जातो.

जॅझमधील वादनाचा सांगाडा समजून घेण्यासाठी बंदिशीचा आधार घेता येतो. सर्वपरिचित गीताची धून सुरुवातीला वाजवली जाते. ती बहुधा 32 मापांची, म्हणजे मापाला चार मात्रा धरल्यास 128 मात्रांची असते. त्यानंतर तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि वादक त्यावर उपज करीत जातात. फरक असा की हिंदुस्थानी संगीतात आवर्तनातील जागा तबल्याचा ठेका दाखवतो आणि षड्ज अचल राहतो, तर जॅझमध्ये जागा दाखवतात त्या बदलत्या कॉर्ड. मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलत असेल, तर वादकाला एका कॉर्डसाठी 0.6 सेकंद मिळतो, आणि तेवढ्यात त्या कॉर्डचा गांधार किंवा निषाद स्वरावलीत नेमका पडावा लागतो. मेटलमध्ये जे दोन स्वर गढूळपणा टाळण्यासाठी वगळले जात, तेच येथे आवर्तनाची वाट दाखवतात; म्हणून जॅझचा गिटारवादक सहसा स्वच्छ, डिस्टॉर्शनविरहित नाद पसंत करतो.

लयीतही असाच बदल होतो. स्विंग नावाच्या जॅझच्या चालीत मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो, आणि त्यांचे प्रमाण लयीनुसार बदलते. ड्रमवादक ही चाल राइड या मोठ्या झांजेवर धरतो, तर बासवादक मात्रेमात्रेला एक स्वर टाकत कॉर्डांमधून पायी फिरल्यासारखा चालतो. या वादनाला वॉकिंग बास म्हणतात. गिटारवादकाने सतत वाजवत राहिले, तर या दोघांचे बोलणे ऐकूच येत नाही. म्हणून कॉर्ड कोठे टाकायची इतकेच कोठे टाकायची नाही हेही त्याला ठरवावे लागते, आणि एरवी आवाजाची भिंत उभी करण्याची सवय असलेल्या वादकाला नेमके हेच सर्वांत जड जाते.

ॲलेक्स स्कोल्निक यांचा मार्ग

स्कोल्निक यांचा जन्म 1968 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला आणि त्यांनी काही काळ जो सॅट्रियानी या नामवंत गिटारवादकाकडे धडे घेतले. शाळकरी वयातच ते लेगसी या बँडमध्ये दाखल झाले. हाच बँड पुढे टेस्टामेंट झाला आणि 1987 मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. 1992 पर्यंत पाच अल्बम केल्यानंतर स्कोल्निक बँडमधून बाहेर पडले, न्यूयॉर्कला गेले आणि तेथील न्यू स्कूल या विद्यापीठात रीतसर जॅझ शिकून त्यांनी 2001 मध्ये पदवी घेतली. मेटलच्या जगात नाव कमावलेल्या वादकाने विद्यार्थी म्हणून नव्याने बसणे हा या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा होता, कारण जॅझची भाषा केवळ ऐकीव अनुकरणाने येत नाही हे त्यातून त्यांनी मान्य केले होते.

2002 मध्ये त्यांच्या त्रिकुटाचा पहिला अल्बम 'गुडबाय टू रोमान्स' या नावाने आला आणि त्याच्या उपशीर्षकात नव्या पिढीचे स्टँडर्ड असा दावा होता. स्टँडर्ड म्हणजे जॅझ वादकांनी विस्तारासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले गीत. असे अनेक स्टँडर्ड 1920 ते 1950 या काळातील अमेरिकी नाटके आणि चित्रपट यांतून आलेले आहेत. मूळ श्रोत्यांना ते तोंडपाठ असल्यामुळे वादकाने त्यात कोठे आणि कसा बदल केला हे लगेच उमगे. स्कोल्निक यांच्या पिढीला पाठ होती ती ब्लॅक सबाथ, स्कॉर्पियन्स, किस, एरोस्मिथ यांची गीते, तेव्हा त्यांनी तीच जॅझच्या चौकटीत घेतली. मेटलच्या गीतात जेथे फक्त षड्ज-पंचम होते, तेथे कोणता गांधार आणि कोणता निषाद भरायचा हा निर्णय वादकाच्या हाती आला, आणि गीत ओळखीचे राहूनही त्याचा भाव बदलला. या अल्बमचे मोल त्या निर्णयांत आहे. ओळखीच्या गीतांची केवळ सौम्य आवृत्ती काढली असती, तर ती नवलाई लवकरच ओसरली असती.

'ट्रान्सफॉर्मेशन' या 2004 च्या अल्बमपासून ड्रमवादक मॅट झेब्रोस्की यांच्यासोबत बासवर नेथन पेक आले आणि हा संच स्थिर झाला. पुढील अल्बमांत स्वतंत्र रचनांचे प्रमाण वाढत गेले. 2005 मध्ये स्कोल्निक टेस्टामेंटमध्ये परतले, तरी त्रिकूट थांबले नाही, आणि जॅझ ही मेटलमधून घेतलेली निवृत्ती नव्हती हेही त्यावरून सिद्ध झाले.

मुंबईतील पूर्वपीठिका

ओळखीच्या चालीत जॅझ मिसळण्याचा हा व्यवहार मुंबईला जुना आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चशाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात असल्यामुळे तेथील वादक 1930 च्या दशकापासून मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ संचांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण कक्षांत मोठ्या संख्येने दिसू लागले. पुणतांबे येथे 1918 मध्ये जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी 1951 च्या 'अलबेला' या चित्रपटात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या संचाचा उपयोग करून घेतला, आणि हा संच पडद्यावरही झळकला. मराठी संस्कारातून आलेली चाल आणि गोव्याच्या वादकांचा स्विंग यांचा तो संयोग लाखो श्रोत्यांनी जॅझ हे नावही न घेता आत्मसात केला.

गिटारच्या बाबतीत मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातील अमान्सियो डिसिल्वा यांचे नाव घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर त्यांनी 1969 मध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत 'हम दोनो' हा अल्बम केला, तर 1972 मध्ये ध्वनिमुद्रित झालेला त्यांचा 'कोकण डान्स' 2006 मध्ये प्रकाशात आला. जॅझच्या गिटारवर भारतीय स्वरवळणे स्वाभाविकपणे बसू शकतात, हे त्यांच्या वादनाने फार आधीच दाखवून दिले होते.

मुंबईत धोबीतलावजवळच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर तर दोन्ही प्रवाह एकाच जागी नांदले. 1978 मध्ये सुरू झालेल्या जॅझ यात्रा या महोत्सवाचे कार्यक्रम येथे झाले, आणि 1986 मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवानेही पुढे याच मंचावर रॉक आणि मेटलच्या चाहत्यांची गर्दी खेचली. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत आहे. त्यानुसार शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबल, तर अंबडसारख्या औद्योगिक क्षेत्रात दिवसा 75 डेसिबल ही मर्यादा ठरते. रुग्णालयांच्या शेजारी असलेले रंगभवन या बंधनांमुळे मोठ्या आवाजाच्या मैफलींना मुकले. खुल्या मंचावरचे मेटल या मर्यादांत बसणे अवघड असते; जॅझचे त्रिकूट मात्र लहानशा बंदिस्त सभागृहात विनासायास बसते, आणि वादकाच्या निवडीमागे अशी व्यावहारिक कारणेही असतात.

मराठी कान आणि त्रिकूट

गिटारवादकाच्या नेतृत्वाखालील त्रिकुटात मराठी मातीतल्या तालाने काय साधले, याचे सर्वांत ठळक उदाहरण त्रिलोक गुर्टू यांचे आहे. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे पुत्र 1951 मध्ये मुंबईत जन्मले आणि तबल्यापासून सुरुवात करून ड्रमकडे वळले. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांनी 1971 मध्ये स्थापन केलेल्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने जॅझमध्ये रॉकचा दणदणीत आवाज आणि विषम मात्रांचे ताल आणले होते, आणि पुढच्या अनेक रॉक व मेटल गिटारवादकांवर त्याचा प्रभाव पडला. हेच मॅक्लॉक्लिन 1980 च्या दशकाच्या अखेरीस नायलॉनच्या तारांच्या गिटारकडे वळले आणि त्यांनी बासवादक काय एकहार्ट व त्रिलोक गुर्टू यांच्यासह त्रिकूट उभारले. नोव्हेंबर 1989 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मोठ्या आवाजाकडून तिघांच्या संचाकडे येण्याचा स्कोल्निक यांचा मार्ग मॅक्लॉक्लिन यांनी आपल्या परीने आधीच चोखाळला होता.

गुर्टू जमिनीलगत वाद्ये मांडून, गुडघा टेकून वाजवतात. त्यांच्या मांडणीत तबला आणि झांजा यांच्यासोबत पाण्याची बादलीही असते, जिच्यात वाजती धातूची वाद्ये बुडवली की त्यांचा स्वर वाकतो. अशा ड्रमवादकासोबत गिटारवादकाला साथीचा बिनबदल पाया मिळत नाही, पण दीर्घ तिहाया आणि मात्रांचे विभाग मनात धरून पुन्हा समेवर येणारा सहकारी मिळतो. त्यामुळे आवर्तन दाखवण्याचे ओझे एकट्या कॉर्डांवर न राहता तालावरही विभागले जाते, आणि गिटारवादकाला गप्प राहण्याची मोकळीक मिळते.

येथून पाहिल्यास नाशिक, पुणे किंवा मुंबईतील मेटल गिटारवादकाला जॅझचे त्रिकूट उभारण्यासाठी अमेरिकी गीतांपासूनच आरंभ केला पाहिजे असे नाही. स्कोल्निक यांनी स्टँडर्डची जी कसोटी लावली, ती श्रोत्याच्या स्मरणाची होती. त्या कसोटीवर मराठी श्रोत्यासमोर नाट्यपदे, भावगीते आणि जुनी चित्रपटगीते उतरतात. त्यांतील भावगीते व चित्रपटगीते यांच्या मूळ वाद्यवृंदांतच अनेकदा कॉर्ड असल्यामुळे ती त्रिकुटाला तुलनेने सोपी जातील. रागावर बांधलेल्या नाट्यपदांत मात्र कॉर्ड मुळातच नसतात, आणि चुकीच्या कॉर्डने रागाला वर्ज्य असलेला स्वर आत शिरू शकतो, म्हणून तेथे गिटारवादकाला पॉवर कॉर्डच्या रिकाम्या षड्ज-पंचमाचा, म्हणजेच मेटलमधील आपल्या जुन्या सवयीचा, उपयोग होऊ शकतो. असे त्रिकूट यशस्वी व्हायचे, तर बोटांचा वेग कामी येईलच, पण बास आणि ड्रम काय सांगत आहेत हे ऐकून स्वतःचा वाटा कमी-जास्त करण्याची तयारी त्याहून अधिक लागेल. आणि ही तयारी मेटलच्या रिफमध्ये इतरांशी क्षणाचीही फारकत न होऊ देणाऱ्या वादकाकडे निम्मी तरी आधीच असते.